उरलेल्या लाकडाची भिंत : तरुण संघासाठी हस्तोद्योगाचा एक पाठ



या अंकातील पाठ हाताने करून पाहायचा आहे. मंडळीतील तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळाआधी आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहात श्रमदानासाठी जातात. बहुतेक वेळा भिंतींना रंग दिला जातो. रंग लावल्याने खोली उजळते हे खरे, पण दोन पावसाळे गेले की पोपडे निघू लागतात आणि पुन्हा रंगाचा खर्च उभा राहतो. यंदा अभ्यासाच्या खोलीतील एकच भिंत निवडून ती सुताराकडे, वखारीत आणि लाकूड गिरणीत उरलेल्या तुकड्यांनी सजवली तर? ८ फूट लांब आणि ४ फूट उंच एवढा भाग एका गटाला तीन शनिवारांत पूर्ण करता येतो. तो नीट केला तर पुढे अनेक वर्षे टिकतो.

या कामात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. पहिली, त्या भिंतीजवळ रोज मुले बसणार आहेत. वरून तुकडा पडला, फळीची सळ हातात घुसली किंवा ओली भिंत आतल्या आत सडत राहिली, तर आपल्या सजावटीची किंमत मुले मोजतील. दुसरी गोष्ट मानाची आहे. शहरातल्या घरांतील अडगळ ट्रकमध्ये भरून वसतिगृहात नेऊन टाकली, असे कोणालाही वाटता कामा नये. उरलेले लाकूड आणि टाकाऊ लाकूड यांत फरक आहे. तो फरक ओळखायला शिकणे हाच या पाठाचा मुख्य भाग आहे.

तुकड्यांची भिंत ही जुनीच गोष्ट

बारीक लाकडातून भिंत उभी करण्याची कला पालघर, ठाणे, रायगड, नाशिक या भागांतील आदिवासी पाड्यांना नवी नाही. डोंगरउतारावर उगवणाऱ्या कारवीच्या काठ्या वाळवून, एकीला एक लावून बांधायच्या आणि वरून माती व शेणाचा गिलावा द्यायचा, ही कुडाची भिंत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिची काठी बोटाएवढी असते, कोणत्याही सुताराच्या दृष्टीने तिची फळी होत नाही. तरी तिच्यापासून घर उभे राहते, आणि त्याच भिंतीवर गेरूच्या लालसर पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढली जातात. ही चित्रे जगभर पोहोचवणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा भिंत सजवायला आपण कोणाला शिकवायला जात आहोत, असा समज मनात असेल तर तो घरीच ठेवून निघावे.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण चर्चच्या भिंतीचेच आहे. न्यूयॉर्क शहरात सेंट पीटर्स या लुथरन चर्चमध्ये एक लहानसे प्रार्थनास्थान आहे. १९७७ साली पूर्ण झालेल्या त्या खोलीच्या भिंतींवर लाकडाच्या तुकड्यांच्या मोठ्या रचना आहेत, बहुतेक सगळ्या पांढऱ्या रंगवलेल्या. त्या लुईझ नेव्हेल्सन या शिल्पकर्तीने केल्या. तिचा जन्म १८९९ साली आजच्या युक्रेनमधील एका यहुदी कुटुंबात झाला. लहानपणीच ती अमेरिकेत आली आणि तिथे तिच्या वडिलांचा लाकडाचा व्यवसाय होता. रस्त्यावर टाकलेल्या खोक्यांच्या फळ्या, खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे दांडे असे तुकडे ती गोळा करी, पेट्यांमध्ये मांडी आणि सगळ्यांना एकच रंग देई. एकच रंग दिल्यामुळे कोणता तुकडा कुठून आला हे डोळ्यांना टोचत नाही. दिसतात त्या फक्त सावल्या आणि आकार. आपल्या कामासाठी तिच्याकडून घेण्याजोगी युक्ती हीच : तुकडे कितीही वेगवेगळे असले तरी त्यांना बांधणारे एक सूत्र ठरवावे. ते सूत्र रंगाचे असेल, जाडीचे असेल किंवा दिशेचे असेल.

पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्याची गोष्ट तर आपल्याला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. तिथेही तुकडे आधी गोळा केले गेले, हे लक्षात घ्यावे.

आधी भिंत पाहा

लाकूड आणण्यापूर्वी एकदा वसतिगृहात जाऊन यावे. तिथले गृहपाल किंवा गृहमाता, स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि मुले या सर्वांना विचारावे. कोणती भिंत हवी, हे त्यांनी सांगायचे. एखाद्या भिंतीवर मुलांनी आधीच चित्रे काढलेली असतील तर ती झाकू नये.

निवडलेल्या भिंतीची ओल तपासावी. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस दमटपणा असेल तर तो खोलीतील हवेचा आहे. भिंतीतून ओल येत असल्यास आधी छपराची गळती, बाहेरचा नळ किंवा पावसाच्या पाण्याचा उतार दुरुस्त करून घ्यावा. ओल झाकण्यासाठी लाकूड लावू नये. मागे बुरशी धरते, वाळवी येते आणि ती दिसतही नाही. अशा वेळी जमवलेले पैसे दुरुस्तीला दिले, तर त्या वर्षीचे श्रमदान वाया गेले असे समजू नये.

चुलीची भिंत, विजेच्या मुख्य बोर्डाची भिंत आणि बाहेर पडण्याच्या दाराजवळची अरुंद वाट या तीन जागा वगळाव्यात, कारण लाकूड पेट घेते. झोपण्याच्या खाटा जिथे लागतात ती भिंतही नको. फलकांची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर असावी. तिथे जमीन पुसताना पाणी उडत नाही, पाठ टेकून बसलेल्या मुलाला लाकूड टोचत नाही आणि वाळवी चढली तर तिचा मातीचा माग खालच्या उघड्या भिंतीवर लगेच दिसतो.

लाकूड कोठून आणावे

चांगले तुकडे मिळण्याची ठिकाणे चार : लाकूड गिरणी, वखार, फर्निचर करणाऱ्या सुताराचे दुकान आणि पाडलेल्या जुन्या घराचे दारे-खिडक्यांचे सामान. फुकट मिळाले तरी त्याची चिठ्ठी किंवा पावती घ्यावी, आणि तीत लाकडाचा प्रकार व अंदाजे वजन लिहून घ्यावे. साग, खैर अशा लाकडाच्या तोडीवर व वाहतुकीवर वन खात्याचे नियम आहेत. टेम्पो वाटेत थांबवला गेला तर मंडळीचे लोक बोलून सुटतात, पण सोबत आलेल्या आदिवासी तरुणाला प्रश्न अधिक विचारले जातात, हा अनुभव पाड्यांवर जुना आहे. पावती त्याच्या खिशात असावी. आणि जंगलातून तोडून आणलेली फांदी "उरलेले लाकूड" ठरत नाही, हे मुलांसमोर स्पष्ट सांगावे.

पुढील लाकूड घेऊ नये :

१. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. त्यांत डांबरापासून काढलेले तेल मुरवलेले असते. ते बंद खोलीसाठी नाही.

२. हिरवट छटा असलेले, रसायन दाबून भरलेले लाकूड. जुन्या प्रकारच्या अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते.

३. जुन्या तैलरंगाचे थर असलेली दारे-खिडक्या. भारतात घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. असा रंग घासला की त्याची धूळ उडते आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. असे लाकूड न घासता बाजूला ठेवावे.

४. बारीक छिद्रांतून ताजी पिठासारखी भुकटी पडणारे लाकूड. आत किडा जिवंत आहे. एक तुकडा इतर सगळ्यांना बिघडवतो.

मालाच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइन लाकूड सहज मिळते. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार एक शिक्का असतो. त्यात "एचटी" ही अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, म्हणजे त्याचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेला आहे. ते चालते. "एमबी" असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडावे. शिक्का नसलेले आणि तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असलेले पॅलेटही सोडावे.

लाकूड ओळखण्याचा तास

आणलेले तुकडे लगेच कापायला घेऊ नयेत. व्हरांड्यात पसरावेत आणि मुलांना बोलवावे. हा तास शक्यतो मुलांनीच घ्यावा. ज्यांच्या घरी सरपण रोज गोळा होते, त्यांना लाकडाचे वजन, वास आणि साल यांची ओळख आपल्यापेक्षा जास्त असते.

साग सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि ताजा कापला की चामड्यासारखा वास येतो. शिसव गर्द तपकिरी, जांभळट रेषांचे आणि जड असते. खैर लालसर व अतिशय कठीण. त्याच्याच गाभ्यापासून कात निघतो. बाभूळ कठीण आणि चिवट, म्हणून नांगर आणि गाडीची चाके तिची होत. हळदूचे लाकूड नावाप्रमाणे पिवळे. फणस कापल्यावर पिवळा दिसतो, पण काही वर्षांत तपकिरी होतो. आंबा फिकट आणि स्वस्त, मात्र किडीला लवकर बळी पडतो. सावर इतकी हलकी की ती काड्यापेटीच्या काड्यांना वापरली जाते. शिवण फिकट, हलकी आणि कोरायला मऊ.

एका वहीत प्रत्येक लाकडाचे मराठी नाव लिहावे आणि शेजारी वारली, कातकरी, कोकणा, भिली, ज्या ज्या घरची मुले असतील त्यांच्या बोलीतील नाव त्यांच्याकडून लिहून घ्यावे. नाव आठवत नसेल तर सुट्टीत घरी जाऊन आजीआजोबांना विचारून यावे. त्या झाडाचा उपयोग कशासाठी होतो हेही विचारावे. पुढे हीच नावे भिंतीवर तुकड्यांच्या खाली लहान अक्षरांत लिहिता येतील. मग ती भिंत मुलांना स्वतःच्या बोलीतला एक धडा होते. शाळेच्या पुस्तकात ही नावे नाहीत.

वाळवणे आणि स्वच्छ करणे

लाकूड हवेतील दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. कोकणपट्टीत हे काम दिवाळीपासून होळीपर्यंतच्या काळात करावे. तुकडे सावलीत, खेळत्या हवेत, मध्ये काड्या ठेवून रचावेत. वाळले की नाही हे कळण्यासाठी यंत्राची गरज नाही. तीन-चार तुकड्यांवर खूण करून ते दर शनिवारी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावेत. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले.

जुने खिळे जंबुराने काढावेत. मोडून आत राहिलेला खिळा लोहचुंबकाने सापडतो. तो निघत नसेल तर तेवढा भाग कापून टाकावा, कारण रंध्याची पाती त्यावर तुटतात. त्यानंतर पॉलिश पेपरने घासावे : आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. कडा आणि कोपरे गोल करावेत. गालावर फिरवला तर टोचणार नाही इतका प्रत्येक तुकडा गुळगुळीत हवा.

घासण्याचे काम उघड्यावर आणि नाकातोंडावर मास्क लावून करावे. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. एका दिवसाच्या कामाने तेवढे घडत नाही, पण सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला मास्कची सवय पहिल्या दिवसापासून लागावी. लहान मुलांनी हे काम करू नये.

वाळवी व किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचे पाण्यातील द्रावण ब्रशने लावतात. ते पावसात धुऊन जाते, म्हणून ते घरातील कोरड्या लाकडासाठीच योग्य. हातमोजे घालून मोठ्यांनी लावावे आणि उरलेले द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये.

वजनाचा हिशेब

गणितात ज्यांना रस आहे अशा नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब करायला द्यावा. ८ फूट × ४ फूट म्हणजे ३२ चौरस फूट, सुमारे ३ चौरस मीटर. तुकड्यांची सरासरी जाडी पाऊण इंच, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर धरली तर लाकडाचे आकारमान ०.०५७ घनमीटरच्या आसपास येते. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो धरले तर हे झाले ३७ किलो. बाभळीसारखे जड लाकूड असेल तर ४५ किलोपर्यंत. मागच्या १२ मिलिमीटर प्लायवूडचे २० किलो आणि पट्ट्यांचे ५ किलो. एकूण ६० ते ७० किलो. एवढे ओझे नुसत्या गोंदाने चुन्याच्या किंवा रंगाच्या थरावर चिकटवले, तर रंगासकट खाली येईल. म्हणून तुकडे थेट भिंतीला कधीही चिकटवू नयेत.

काम पायरीपायरीने

संपूर्ण भिंत एकाच वेळी करण्याऐवजी २ फूट × २ फूट असे आठ फलक करावेत. प्लायवूडचा पत्रा बाजारात ८ × ४ फुटांचा मिळतो. त्याचे बरोबर आठ फलक होतात आणि काहीच वाया जात नाही. प्रत्येक तयार फलक साधारण आठ किलोचा होतो, दोघांना सहज उचलता येतो. पुढे भिंतीची दुरुस्ती निघाली तर फलक उतरवून पुन्हा लावता येतात. आणि शिडीवर चढून करायचे काम थोडेच उरते. बाकी सगळे जमिनीवर बसून होते.

पहिली पायरी. ३ इंच रुंद, १ इंच जाड आणि ८ फूट लांब अशा दोन रिपा वखारीतच मधोमध ४५ अंशांत तिरक्या चिरून घ्याव्यात. एका रिपेच्या दोन पट्ट्या होतात. एक भिंतीवर लागते, दुसरीचे तुकडे फलकांच्या मागे लागतात.

दुसरी पायरी. फलकाच्या पाठीवर, वरच्या कडेपासून ३ इंचांवर, २० इंचांची तिरकी पट्टी सव्वा इंची तीन स्क्रूंनी बसवावी. तिरकी कड खाली आणि टोक भिंतीच्या बाजूला राहिले पाहिजे. खालच्या बाजूस त्याच जाडीची साधी पट्टी लावावी, म्हणजे फलक सरळ उभा राहील आणि मागे एक इंच हवा खेळेल. हे काम तुकडे चिकटवण्याआधी करावे.

तिसरी पायरी. जमिनीवर आठही फलक जवळजवळ ठेवून तुकडे कोरडेच मांडून पाहावेत. घाई करू नये. एक दिवस तसेच राहू द्यावे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बदल सुचवावेत. जाड तुकडे मधे, पातळ कडेला ठेवले तर भिंतीला उठाव येतो. सगळे तुकडे आडवे ठेवले तर शांत दिसते, उभे-आडवे मिसळले तर चटईसारखी वीण दिसते. दोन सुतांपेक्षा पातळ तुकडे चिरतात आणि दीड इंचांपेक्षा जाड तुकडे डोक्याला लागतात. दोन्ही टाळावेत. पसंत पडलेल्या मांडणीचा फोनवर फोटो काढून प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घालावा.

चौथी पायरी. तुकड्याच्या मधल्या भागाला सुताराचा पांढरा गोंद लावून तो दाबून बसवावा. कडांना गोंद लावू नये, म्हणजे लाकडाला फुगायला-आखडायला वाव राहतो. शेजारच्या तुकड्यांत रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवावी. हातापेक्षा लांब किंवा जड तुकड्याला प्लायवूडच्या मागून दोन स्क्रूही मारावेत. वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे.

पाचवी पायरी. भिंतीवर पाण्याच्या नळीने किंवा स्पिरिट लेव्हलने दोन समांतर रेषा आखाव्यात, एकमेकींपासून बरोबर २ फुटांवर. प्रत्येक रेषेवर ८ फुटांची तिरकी पट्टी, दर १६ इंचांवर एक याप्रमाणे सात ठिकाणी बसवावी. ८ मिलिमीटरचे भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी ठोकावी आणि ३ इंची स्क्रू मारावा, म्हणजे तो गिलाव्याच्या आत विटेत पोहोचतो. या पट्टीची तिरकी कड वर आणि उतार भिंतीकडे असावा. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये जी खाच तयार होते, तिच्यात फलकाची पट्टी बसते. एका ओळीचे वजन ३० ते ३५ किलो आणि स्क्रू सात, म्हणजे एका स्क्रूवर ५ किलोपर्यंतच भार येतो. भोक पाडण्याआधी भिंतीत विजेची नळी नाही ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे खांबापासून खांबापर्यंत मजबूत रीप मारून तिच्यावरच तिरकी पट्टी बसवावी, आणि आठऐवजी चारच फलक करावेत.

सहावी पायरी. आधी खालची रांग टांगावी, मग वरची. उतरवताना उलटा क्रम. शेवटी प्रत्येक फलकाच्या खालच्या पट्टीतून, तुकड्यांच्या फटीतून दिसणार नाही असा एक लांब स्क्रू भिंतीत गिट्टीला मारावा. चेंडू लागला किंवा कोणी खालून उचलला तरी फलक निघणार नाही. मग मोठ्या माणसाने प्रत्येक फलक दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावा, आणि प्रत्येक तुकडाही. या परीक्षेत हलणारा तुकडा तिथेच काढून पुन्हा बसवावा.

जिथे वारली घरची मुले आहेत तिथे आठांपैकी एक फलक लाकूड न लावता मोकळा ठेवावा, त्यावर गेरू द्यावा आणि तो मुलांच्या स्वाधीन करावा. त्यावर काय काढायचे हे त्यांना सांगायला जाऊ नये.

तेल, मेण आणि चिंध्या

लाकडाचे मूळ रंग दिसावेत म्हणून जवसाचे तेल कापडाने पातळ लावून, अर्ध्या तासाने जादाचे पुसून घ्यावे. मधमेण मिळत असेल तर ते तेलात विरघळवून लावता येते. मेण थेट आगीवर ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मुलांच्या खोलीत फवाऱ्याचा लॅकर वापरू नये. तेल लावल्यावर दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता अत्यंत महत्त्वाची सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तो कोणीही काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतो. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळ्यात ती बाहेर पडत नाही. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. ज्या वसतिगृहात शंभर मुले झोपतात तिथे ही सूचना गृहपालांना तोंडी सांगून, कामाच्या जागी लिहूनही लावावी.

उरलेल्यातून उरलेले

काम झाल्यावर भुसा, ढलप्या आणि बारीक तुकडे उरतात. स्वच्छ लाकडाचे तुकडे चुलीला चालतात. प्लायवूड, रंगवलेले किंवा रसायनाचे लाकूड चुलीत घालू नये, त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या छातीत जातो. ते वेगळ्या पोत्यात भरून आपणच परत न्यावे. येताना जितके पोत्यांतून आणले, त्यातील नको असलेले तिथे सोडून येऊ नये.

मजुरी आणि वाटणी

या कामात एक शिकलेला सुतार हवाच. तो शक्यतो जवळच्या पाड्यावरचा किंवा गावचा घ्यावा, आणि त्याला बाजारभावाने रोजची मजुरी द्यावी. आपण स्वयंसेवक म्हणून गेलो ही आपली निवड आहे; त्याचे मात्र ते पोट आहे. लाकूड फुकट मिळाल्याने वाचलेले पैसे मजुरीत गेले तर ते योग्य ठिकाणी गेले. मोठ्या वसतिगृहवासी मुलांपैकी ज्यांना रंधा, गुण्या, ओळंबा धरण्याची आवड दिसेल, त्यांना त्याच्या हाताखाली तिन्ही शनिवार बसू द्यावे. करवत आणि ड्रिल फक्त त्याच्या देखरेखीखाली.

दरवर्षी पावसाळा संपला की दोन कामे करावीत : फलक ओढून पाहणे आणि खालच्या भिंतीवर वाळवीचा माग शोधणे. ही जबाबदारी कोणाची, हे काम संपण्याआधीच वहीत नावासह लिहावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीने मागील दोन वर्षांत वसतिगृहाला दिलेल्या वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणत्या आज वापरात आहेत? कोणत्या तिथल्या लोकांना सांभाळत बसाव्या लागल्या?

२. एखादी वस्तू देण्याआधी घेणाऱ्याला विचारण्याची आपली पद्धत आहे का? नसेल तर का नाही?

३. तपासणीत भिंत ओली निघाली आणि सजावटीचा बेत रद्द करावा लागला, तर तरुण संघाला ते कसे सांगाल?

४. आपल्या परिसरातील पाच झाडांची नावे आदिवासी शेजाऱ्यांच्या बोलीत सांगता येतात का? ती कोणाकडून शिकता येतील?

५. आपल्या गावातील वखार किंवा सुतार दर आठवड्याला किती तुकडे सरपणाला देतो, हे विचारून या. त्यांतील किती तुकडे वरील नियमांत बसतात?